आईने पान उचलले



या सदरात आपण घरखर्चाचा मेळ, मुलांचे शिक्षण, लग्नातील वायफळ खर्च, आजारपणाची तरतूद अशा विषयांवर बोलत असतो. आज हॉटेलातल्या जेवणावर लिहितो आहे. तेही वडापाव-मिसळीच्या हॉटेलावर नव्हे. ज्या हॉटेलच्या दारात आपण क्षणभर थबकतो आणि खिसा चाचपून पुढे जातो, अशा हॉटेलावर. "भाऊ, काटकसरीचे धडे देता देता तुम्हालाच चैन सुचली की काय?" असे काही वाचक विचारतील. त्यांना विनंती एवढीच की, लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग बोल लावावा.

घडले ते असे. आमची थोरली मुलगी नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून ठाण्याच्या एका खासगी रुग्णालयात नोकरीला लागली. पहिला पगार एकोणीस हजार रुपये. तिने तो बँकेतून काढून आणला, तथागताच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर ठेवला, वंदन केले आणि पाकीट आजीच्या हातात दिले. मग म्हणाली, "आजी, यातले साडेतीन हजार मला परत दे. तुम्हा सगळ्यांना मी जेवायला नेणार आहे."

तिच्या रुग्णालयाच्या रस्त्यावर एक मोठे दक्षिणी हॉटेल आहे. आपल्याकडे दक्षिणी म्हटले की इडली, मेदूवडा आणि मसाला डोसा डोळ्यांपुढे येतो. हे तसे नव्हे. तिथे मंगळूर, केरळ, चेट्टिनाड अशा एकेका मुलखाचे जेवण मिळते. केळीच्या पानावर वाढतात. दिवे मंद, वाढपी गणवेशातले, दारात दरवान. पोरगी रोज काचेतून आत बघत ड्युटीवर जायची.

पत्नीने लगेच विरोध केला. "साडेतीन हजारांत घरचा किती किराणा येतो, ठाऊक आहे ना? बाबासाहेबांनी लंडनला पोटाला चिमटा काढून पुस्तके घेतली आणि आपण हॉटेलात पैसे उडवायचे?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. मीही मान डोलावली. त्यावर मुलगी म्हणाली, "मम्मी, बाबासाहेबांनी पोटाला चिमटा काढला म्हणूनच घटनेत हॉटेलात जायचा हक्क लिहिला गेला. आजी चौऱ्याहत्तर वर्षांची झाली. तिने तो हक्क एकदा तरी वापरला आहे का?"

यावर कोणाला काही बोलता येईना. आई पाकीट हातात धरून बसली होती. तिने नोटा मोजल्या, साडेतीन हजार वेगळे काढले आणि म्हणाली, "जाऊ. पर मला चमच्यानं खाया सांगू नका."

रविवारी दुपारीच आम्ही निघालो. शहापूरहून शेअर रिक्षाने आसनगाव आणि तिथून लोकल. आईने चौदा एप्रिलला नेसते ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती. धाकटा मुलगा वाटेत स्टेशने मोजत होता: वाशिंद, खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड, कल्याण. कसाऱ्याकडे परतणाऱ्या शेवटच्या गाड्यांची वेळ मी कागदावर लिहून घेतली होती. आपल्या भागातल्या माणसाची चैनही गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेली असते.

हॉटेलच्या दारात दरवानाने आईला सलाम केला. आईने मागे वळून पाहिले, की सलाम कोणाला? मागे कोणीच नव्हते. मग तिने दोन्ही हात जोडून त्याला "जयभीम" केला. त्यानेही हसून हात जोडले.

आत बसल्यावर पहिला प्रश्न आला, "पाणी बाटलीचे की साधे?" मुलगा पटकन म्हणाला, "साधेच द्या, ते आमच्या भातसाचेच आहे." वाढप्याला काही कळले नाही, पण आम्ही सगळे हसलो. शहापूर तालुक्यातल्या भातसा, तानसा धरणांचे पाणी मुंबई-ठाण्याला जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन फिरतात, हे वाचकांना मी नव्याने सांगायला नको. आईने पेला उचलून पाणी पाहिले आणि एका दमात पिऊन टाकले.

मेनूकार्ड इंग्रजीत होते. मुलीने वाचून अर्थ सांगितला. नीर डोसा आला तो पाहून आई म्हणाली, "आगं, हे तर आपलं घावन!" खरेच होते. तांदूळ भिजवून, वाटून, पातळ पीठ तव्यावर ओतायचे. तुळू भाषेत नीर म्हणजे पाणी, एवढाच फरक. त्यासोबत कोरी गस्सी मागवली. कोरी म्हणजे कोंबडी आणि गस्सी म्हणजे ओले खोबरे व ब्याडगी मिरची वाटून केलेले मंगळूरकडचे कालवण. मुलाने मलबार पराठा खाल्ला, त्याचे पदर मोजत मोजत. आईसाठी आणि माझ्यासाठी केळीच्या पानावरचे जेवण आले: भात, सांबार, रसम, भाज्या, पापड, शेवटी पायसम. रसम वाटीत आले. ते भातावर घ्यायचे की प्यायचे, हे मला कळेना. आईने शेजारच्या टेबलाकडे न बघता सरळ वाटी तोंडाला लावली. "चिंचेचं सार हाय. पडशाला बरं," म्हणाली. वाढपी म्हणाला, त्यांच्याकडेही ते असेच पितात. तिच्यामुळे आम्हा सगळ्यांचा अवघडलेपणा गेला.

जेवण फार चांगले झाले. आई पोटभर जेवली. आणि मग ते घडले, ज्यासाठी हा लेख लिहितो आहे.

जेवून झाल्यावर आईने पान दुमडले. त्यावर रिकामी वाटी ठेवली. दोन्ही हातांनी पान उचलले आणि खुर्ची मागे सारून उभी राहिली. हात धुवायची आणि पान टाकायची जागा ती नजरेने शोधू लागली. पेला तिने काखेत धरला होता, विसळायला. वाढपी धावत आला, "आजी, राहू द्या, राहू द्या," म्हणत त्याने पान घ्यायला हात पुढे केला. आई पान सोडीना. शेजारच्या टेबलावरची माणसे बघू लागली. मुलाचे तोंड लाल झाले. तो हळूच म्हणाला, "आजी, इथे उचलायचे नसते, लोक हसतात." आईने एकदा त्याच्याकडे आणि एकदा वाढप्याकडे पाहिले, आणि पान सोडून दिले. पण पेला काही वेळ तिच्या हातातच होता.

घरी जाताना गाडीत गर्दी होती. कल्याण गेल्यावर बसायला मिळाले. टिटवाळ्याच्या पुढे डबा मोकळा झाला तेव्हा आई आपणहून बोलू लागली. तिचे माहेर मुरबाड तालुक्यात. ती दहा-अकरा वर्षांची असतानाची गोष्ट, म्हणजे १९६१-६२ चा सुमार. म्हशाच्या जत्रेला तिचा बाप दोघी बहिणींना घेऊन चालत निघाला होता. वाटेत चहाचे दुकान होते.

"आत बाकडं व्हती, रिकामी," आई सांगत होती. "बापानं आमाला भायेरच बसवलं, भुईवर. कुडाला भायेरच्या अंगाला खोचीत दोन कप अडकवल्याले. कान तुटल्याले. बापानं ते काढलं, हिसळलं, खाली ठेवलं. दुकानवाल्यानं वरूनच चा ओतला. बाप प्याला नाय, आमा दोघींनाच पाजला. मंग परत कप धुतलं आणि खोचीत ठेवलं. पैसं भुईवर ठेवलं. माझी धाकली बहीण इचारती, बाबा, आत बाकडं रिकामी हायत, आपुन भायेर का? बाप कायच बोलला नाय. जत्रंत आमाला लाल रिबिनी घेऊन दिल्या. पर त्या दुकानात परत कदी गेला नाय. पुढच्या जत्रंपासनं घरनं पान्याची बाटली आनि भाकर घेऊन निघायचा."

मग म्हणाली, "आज जेवून उठले, तर हात आपसूक चालला. तुमाला लाज आली आसंल."

मुलगा आजीच्या शेजारी सरकून बसला. वाशिंद येईपर्यंत कोणी काही बोलले नाही.

वाचकहो, या गोष्टीतले वर्ष लक्षात घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. आईच्या बापाच्या घरातून देव गेले होते, मेलेली गुरे ओढायचे काम सुटले होते. देशाचा कायदाही बदलला होता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. तेच आजचे कलम १७. कलम १५ मध्ये तर दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (अपराध) कायदा लागू झाला. त्यात केवळ हॉटेलात प्रवेश नाकारणे हाच गुन्हा नाही. हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. म्हणजे कुडाला अडकवलेल्या त्या कान तुटक्या कपाचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. तरीही कायदा होऊन सहा-सात वर्षांनी तो कप आमच्या मुरबाड तालुक्यात कुडाच्या खोचीत होताच.

कायदा दिल्लीहून निघतो आणि चहाच्या दुकानापर्यंत यायला त्याला वर्षे लागतात. दुकानापर्यंत पोचल्यावरही माणसाच्या हातापर्यंत यायला आणखी वर्षे लागतात. आईच्या हातापर्यंत तो साठाहून अधिक वर्षांनी आला, आणि तोही नातीच्या पगाराने.

बाबासाहेबांच्या बालपणीच्या आठवणींत मसूर स्टेशनची हकीकत आहे, ती पुष्कळांना माहीत असेल. १९०१ साली भावंडांसह वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेली ती मुले. चांगले कपडे, बरोबर भरपूर खाऊ. पण जात कळल्यावर वाटेत कोणी पाणी देईना. पाण्यावाचून घास उतरत नाही, म्हणून भरलेला डबा शेजारी ठेवून ती मुले उपाशी झोपली. त्यांचे वडील तिथे खजिनदार होते, खिशात पैसे होते. अडले होते ते पैशावाचून नव्हे. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तिच्यात मसूरची ती तहानही असली पाहिजे.

आपल्याच महाराष्ट्राच्या दक्षिणेला, कोल्हापुरात, याच्या उलट घडलेली गोष्टही आहे. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली होती. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. 'सत्यसुधारक' नावाच्या त्या हॉटेलपुढे महाराज आपली गाडी थांबवत, तिथला चहा स्वतः घेत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. छत्रपतीने कप तोंडाला लावल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायची सोय राहत नसे. विचार करा, महाराजांनी वटहुकूम काढले, वसतिगृहे काढली, तरी एका चहाच्या कपालाही त्यांनी तेवढेच महत्त्व दिले.

आता आम्ही जेवलो त्या दक्षिणी जेवणाचीच गोष्ट घ्या. उडुपी हे कर्नाटकच्या किनाऱ्यावरचे देवस्थानाचे गाव. तिथल्या स्वयंपाक्यांनी ते जेवण देशभर नेले आणि मुंबईत 'उडुपी' हा शब्द हॉटेलांचाच झाला. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. केळीच्या पानावरच्या जेवणासाठी ते प्रसिद्ध आहे. या हॉटेलांनी मुंबईच्या कष्टकऱ्याला आणि कारकुनाला स्वच्छ, परवडणारे जेवण दिले, हे त्यांचे मोठेच काम आहे. पण त्या मुलखात पंगतीलाही जात होती. मद्रासमध्ये हॉटेलांच्या फलकावर 'ब्राह्मणाळ' असा शब्द लिहिण्याची पद्धत होती. त्याविरुद्ध पेरियार रामस्वामींच्या अनुयायांना १९५७ साली आंदोलन करावे लागले. केळीच्या पानाचेच सांगायचे तर कर्नाटकात कुक्के सुब्रह्मण्य येथे 'मडे स्नान' नावाची प्रथा होती. ब्राह्मण जेवून उठले की त्यांच्या उष्ट्या पानांवरून इतर जातींची माणसे लोळत, रोग बरा होईल म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रथेला स्थगिती दिली ती २०१४ साली. एकच पान, एकाने त्यावर जेवायचे आणि दुसऱ्याने त्यावर लोळायचे!

आणि आईने सांगितलेले ते रिकामे बाकडे? त्यासाठी साता समुद्रापलीकडेही लढा झाला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसाला दुकानात सामान विकत, पण खाण्याच्या काउंटरवर बसू देत नसत. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात काउंटरवर जाऊन बसले. त्यांना काही दिले नाही. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी जण आले, मग शेकडो आले. जुलै महिन्यात त्या दुकानाला काउंटर सर्वांना खुला करावा लागला. १९६४ साली तसा देशाचा कायदा झाला. म्हणजे ज्या सुमारास तिकडे ते विद्यार्थी बाकड्यावर बसत होते, त्याच सुमारास मुरबाड तालुक्यात एक लहान मुलगी बापाला विचारत होती, की आत बाकडे रिकामे आहे, आपण बाहेर का? आपल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले ते उगीच नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मुलाने आजीची माफी मागितली. म्हणाला, "आजी, मी लोक हसतात म्हणालो ते चुकलो. पण आता कुठे जेवायला गेलो तर तू पान उचलू नको. आता आपल्याला कोणी उचलायला लावत नाही."

आईने जे उत्तर दिले, ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. ती म्हणाली, "बाळा, आपलं ताट आपुन उचललं तर हात झिजत नाय. विहारात आपुन सगळीच उचलतो, तवा कुनाला लाज वाटत नाय. लाज कशाची? पंगतीत शंबर मानसं बसली, आनि तूच एकला उठून उचल म्हनलं, तर त्याची."

वाचकहो, हा फरक मुलांना समजावून सांगितला पाहिजे. तथागताच्या संघात राजपुत्र आले, न्हावी आला, भंगी आला. प्रत्येक भिक्खू आपले पात्र आपण धुतो. त्यात कमीपणा नाही, उलट समता आहे. कमीपणा कामात नसतो, ते काम जन्मावरून एकाच्याच गळ्यात मारण्यात असतो. म्हणून हॉटेलात जाऊन वाढप्यावर खेकसणारा, त्याला 'ए' म्हणून हाक मारणारा आपल्यातला माणूस पाहिला की मला वाईट वाटते. त्या दिवशी आमचे पान उचलणारा मुलगाही कोणाच्या तरी घरातून पोटासाठी दूर आलेला आहे. ज्याने कुडाबाहेरचा कप पाहिला आहे, त्याच्या वारसाने तरी दुसऱ्याला कुडाबाहेर बसवू नये.

आता हिशेब. पाच माणसांच्या जेवणाचे झाले २,८६० रुपये. बिलात त्यावर दहा टक्के 'सेवा शुल्क' म्हणून २८६ रुपये लावले होते, आणि दोन्हींवर पाच टक्के जीएसटी. एकूण ३,३०३ रुपये. मी व्यवस्थापकाला शांतपणे सांगितले की, सेवा शुल्क सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यांनी वाद न घालता बिल बदलून दिले: २,८६० अधिक जीएसटी १४३, मिळून ३,००३ रुपये. कर हा सरकारचा, तो द्यावाच लागतो. सेवा शुल्क मात्र आपल्या मर्जीचे. मुलीने वाढप्याच्या हातात वेगळे दोनशे रुपये दिले, ते तिच्या खुशीने. कुठे अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तो वहीत लिहून ठेवा. मोठ्या हॉटेलात गेलो म्हणून बिल न वाचता पैसे देणे हा मोठेपणा नव्हे.

आणि त्याच वहीत दुसराही क्रमांक लिहा. १९५५ च्या त्या कायद्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव आहे. कोणत्याही चहाच्या टपरीवर, ढाब्यावर, लग्नाच्या पंगतीत वेगळा कप, वेगळी जागा दिसली तर हातघाईवर येऊ नका. दिवस, वेळ, साक्षीदार यांची नोंद करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. कमीत कमी एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने कैद व दंड अशी शिक्षा त्यात आहे. त्याशिवाय १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. अत्याचाराविरुद्धच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४५६६. आज आमच्या तालुक्यांतल्या बाजारपेठेत तो खोचीतला कप मला दिसत नाही. पण ओळख झाली की दुसऱ्याच वाक्यात "आडनाव काय?" हा प्रश्न येतो, तो त्याच खोचीतून येतो, हे विसरू नका.

साडेतीन हजारांची ही चैन दर महिन्याला करा, असे मी म्हणत नाही. पत्नीचे म्हणणे मला आजही मान्य आहे. आधी शाळेची फी, मग घरभाडे, मग औषधपाणी. कर्ज काढून हॉटेलात जाणे हा मूर्खपणा आहे, आणि तिथे जाऊन दारू पिणे हा पंचशीलाचा भंग आहे. पण घरात पहिला पगार आला, मुलगा-मुलगी पदवीधर झाली, तर लाउडस्पीकर आणि फटाक्यांवर जो पैसा जातो त्यातला थोडा बाजूला काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या. चांगल्या ठिकाणी, मधल्या टेबलावर बसवा. ठाण्यालाच जायला हवे असे नाही. मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ किंवा शहापूरच्या नाक्यावर स्वच्छ हॉटेलात बसून एक मसाला डोसा खाल्ला तरी चालेल. आणि परत येताना गाडीत त्यांना बोलू द्या. शाळेच्या पुस्तकात नाही असा इतिहास तुमच्या मुलांना त्या दिवशी कळेल.

पत्नीने त्या महिन्याच्या घरखर्चाच्या वहीत ३,००३ रुपये कोणत्या खात्यात लिहायचे, म्हणून मला विचारले. किराणा नव्हे, प्रवास नव्हे, औषध नव्हे. मी बी.कॉम. झालेला माणूस, पण मलाही खाते सुचेना. शेवटी मुलीनेच पेन घेतले आणि 'जुनी थकबाकी' असे लिहिले.

आई मात्र हिशेबात नव्हती. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने विचारले, "तुला पुढला पगार कदी मिळंल गं?"

मुलगी हसली. "का आजी, आवडले वाटते जेवण?"

"माझं झालं जेवून," आई म्हणाली. "माझ्या धाकल्या बहिनीला न्यायचं हाय. बाकड्याचं तिनंच इचारलं व्हतं."

जयभीम! नमो बुद्धाय!